मुंजीचे फोटो आणि फोन ते फोन फाइल पाठवणारी ॲप्स

प्रश्न : गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका कार्यालयात माझ्या नातवाची मुंज झाली. भाच्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये तिचे सहा जीबीचे फोटो आणि व्हिडिओ आहेत. माझा फोनही अँड्रॉइडच आहे. मुलीकडे मात्र आयफोन असून ती येत्या रविवारी पुण्याहून येणार आहे. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो मोठे करून पाहिले की चेहरे पुसट दिसतात. पूर्वी आम्ही शेअरइट वापरत असू, आणि भाचा म्हणतो की ते अजूनही कुठूनतरी उतरवून घेता येते. ब्लूटूथ, क्विक शेअर, एअरड्रॉप, लोकलसेंड यांपैकी सर्वांत वेगवान आणि सुरक्षित कोणते?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ब्लूटूथ वगळले, तर आपण विचारलेली बाकीची सगळी साधने मोठी फाइल पाठवतात ती फोनमधल्या वायफायवरूनच, त्यामुळे वेग ठरतो तो ॲपच्या नावावर नव्हे, तर दोन फोनांपैकी ज्याचे वायफाय कमकुवत असेल त्याच्यावर. हे लिहिण्यापूर्वी मी घरातल्या दोन अँड्रॉइड फोनांमध्ये एकच व्हिडिओ आधी क्विक शेअरने आणि मग लोकलसेंडने पाठवून पाहिला, तेव्हा फरक काही सेकंदांचाच पडला. नंतर त्यांतला एक फोन बाजूला ठेवून, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या जुन्या आणि संथ पट्ट्यावर, चालणारा जुना फोन घेतला, तर दोन्ही ॲप्स सारखीच रखडली.

ब्लूटूथचा विचार मात्र सोडूनच द्यावा. फाइल पाठवताना त्याचा कमाल वेग कागदावर सेकंदाला ३ मेगाबिट असतो आणि प्रत्यक्षात २ च्या आसपास मिळतो. एका जीबीत सुमारे ८,००० मेगाबिट असतात. म्हणजे एका जीबीला तासाहून अधिक, आणि आपल्या सहा जीबीला साडेसहा तासांच्या वर. तेच वायफायवर सेकंदाला २० मेगाबाइटचा, म्हणजे १६० मेगाबिटचा वेग मिळाला, तर पाच मिनिटांचे काम. क्विक शेअर आणि एअरड्रॉप ब्लूटूथचा उपयोग करतात तो मुख्यतः जवळचा फोन हुडकण्यासाठी; ओळख पटली की दोन्ही फोन थेट वायफायने जोडले जातात.

शेअरइटबद्दल स्पष्टच सांगतो : ते घेऊ नये. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि त्याच्यासारखेच फाइल पाठवणारे झेंडर ही दोन्ही होती. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती आपल्या भाच्याच्या त्या ‘कुठूनतरी’ची. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या एपीके (अँड्रॉइडवर ॲप बसवण्याच्या) फाइलमध्ये कोणी काय मिसळले आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो, आणि ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात त्या फोनवर असा प्रयोग कोणत्याही कारणासाठी करू नये.

भाच्याकडून आपल्याकडे फोटो घेण्यासाठी क्विक शेअर पुरेसे आहे. गूगलने २०२० मध्ये निअरबाय शेअर या नावाने आणलेली ही सोय जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिळवण्यात आली. ती बहुतेक अँड्रॉइड फोनांत आधीपासूनच असते, वेगळे काही उतरवावे लागत नाही.

अडचण आहे ती मुलीच्या आयफोनची, कारण एअरड्रॉप मुळात ॲपलच्याच उपकरणांमध्ये चालते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० मालिकेच्या फोनांवर क्विक शेअरची एअरड्रॉपशी जोडणी सुरू केली. भाच्याचा फोन त्यांपैकी असेल, तर मुलीने एअरड्रॉपमध्ये ‘सर्वांसाठी १० मिनिटे’ हा पर्याय निवडला की काम होईल. एरवी मी लोकलसेंड सुचवीन. ते मोफत आहे, त्याचा कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे, आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक अशा सर्वांवर चालते. अट एवढीच की दोन्ही फोन एकाच वायफायवर असावेत. घरी वायफाय नसेल, तर भाच्याने हॉटस्पॉट सुरू करावा आणि मुलीने त्याला जोडून घ्यावे. फाइल दोन फोनांमध्येच फिरत असल्याने डेटा पॅक खर्च होत नाही. हॉटेल किंवा कार्यालयांच्या सार्वजनिक वायफायवर मात्र फोन एकमेकांना दिसत नाहीत असे पुष्कळदा होते, कारण तिथे जोडलेली उपकरणे मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असतात.

लोकलसेंड पहिल्यांदा उघडल्यावर आयफोन स्थानिक नेटवर्क वापरण्याची परवानगी मागतो. ती नाकारली, तर समोरचा फोन यादीत येतच नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. हे ॲप प्रत्येक फोनला आपोआप एक इंग्रजी विशेषण आणि फळाचे किंवा भाजीचे नाव देते; मुलीच्या पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचून घ्यावे आणि मगच भाच्याने त्या नावावर बोट ठेवावे. पाठवणे पूर्ण होईपर्यंत दोन्ही फोनांवर ॲप उघडे राहू द्यावे, पडदा बंद होऊ देऊ नये.

मुलीचे येणे लांबलेच, तर व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठवावेत. मग ते मूळ रूपातच पोहोचतात आणि एक फाइल २ जीबीपर्यंत चालते. फक्त दोन्हीकडचा डेटा खर्च होतो.

काम झाले की क्विक शेअरची दृश्यता ‘सर्वांसाठी’ ठेवली असल्यास ती ‘संपर्क’ यावर आणावी, म्हणजे बसमध्ये किंवा बाजारात अनोळखी फोनवरून विनंत्या येणार नाहीत. आणि भाच्याला जागा मोकळी करायची घाई असली, तरी त्याने काहीही पुसण्यापूर्वी मुलीच्या फोनवर दोन-तीन मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावेत.