राजाला खुपलेला समास

प्रश्न: इंग्लंडच्या जेम्स राजाने १६११ चं बायबल काढलं हे कॉलेजात शिकलो होतो. पण इंग्रजीत बायबल आधीपासून होतंच ना, मग नवीन कशाला? एका मित्राचं म्हणणं की वाद भाषांतराचा नव्हताच, टिपांचा होता. खरंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: बरंचसं खरंय, आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे उत्तर लांबलं तर चालवून घ्या. इंग्लंडच्या कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात (१५५३ ते १५५८) प्रोटेस्टंट लोकांना जिवंत जाळत होते, म्हणून बरेच जण देश सोडून पळाले, त्यातले काही जिनिव्हाला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी १५६० ला जे छापलं ते जिनिव्हा बायबल. त्याआधीचं १५३९ चं ग्रेट बायबल म्हणजे चर्चमध्ये मांडून ठेवायचा भलामोठा ग्रंथ, हे मात्र घरात मावेल असं, साधा रोमन टाइप, वचनांना नंबर, नकाशे, आणि समासात बारीक अक्षरांत टिपा. या टिपांमुळेच ते पुस्तक लोकांच्या मनात बसलं असं मला वाटतं, कारण वाक्य अडलं तर पाद्र्याकडे जायची गरज नाही, नजर जरा बाजूला नेली की उत्तर तिथेच.

आता राजाला काय टोचलं ते बघा. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इजिप्तचा राजा फारो सुइणींना सांगतो की इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका, त्या मारत नाहीत, आणि राजाने जाब विचारल्यावर सांगतात की आम्ही पोचायच्या आतच त्या बाळंत होतात. यावर समासात टीप काय, तर त्यांनी आज्ञा मोडली ते रास्तच, खोटं बोलल्या ते मात्र वाईट. म्हणजे राजाची आज्ञा मोडणं रास्त असू शकतं हे स्वयंपाकघरात बसून कुणीही वाचू शकत होतं! दुसरी टीप बायबलातल्याच आसा राजाची. त्याने मूर्तीपूजेपायी स्वतःच्या आईला राणीपदावरून काढलं, तर टीप म्हणते एवढ्याने भागत नाही, तिला मरणाचीच शिक्षा व्हायला हवी होती. जेम्सची स्वतःची आई, स्कॉटलंडची मेरी, १५८७ ला इंग्लंडमध्ये शिरच्छेद होऊन मेली होती, त्यामुळे ही ओळ वाचणं त्याला सहन झालं नसणार असं मला तरी वाटतं.

१६०४ च्या जानेवारीत हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या बैठकीत नव्या भाषांतराची मागणी केली ती जॉन रेनोल्ड्स या प्युरिटन (म्हणजे चर्च आणखी शुद्ध करा म्हणणाऱ्या कडक प्रोटेस्टंट) विद्वानाने, राजाने ती लगेच उचलून धरली, पण समासात असल्या टिपा नकोत असं बजावून. म्हणून १६११ च्या बायबलात समासात हिब्रू-ग्रीक शब्दांचा खुलासा आणि इतर वचनांचे संदर्भ, बस. लोकांना मात्र त्या टिपांची सवय लागली होती, १६४० च्या दशकात तर जेम्सचं भाषांतर आणि जिनिव्हाच्या टिपा एकत्र छापलेली बायबलं निघाली.

प्रश्न: ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्रज होते, मग ते यातलेच का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: नाही, ते कॅथलिक, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे. एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमधून बाहेर पडून १५७९ ला गोव्यात आले, आणि त्यांचं मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ ला छापलं गेलं, म्हणजे जेम्सच्या बायबलानंतर फक्त पाच वर्षांनी.

प्रश्न: गरिबाघरी ही पुस्तकं पोचत होती का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बायबलाचा अर्थ उलगडणारे मोठे टीकाग्रंथ नाही, ते पाद्री आणि विद्वानांचे, मॅथ्यू पूल या इंग्रज पाद्र्याने तर आधीच्या टीकाकारांचं सार लॅटिनमध्ये पाच खंडांत काढलं होतं. छोटी पुस्तकं मात्र नक्की पोचत होती. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ लिहिणारा जॉन बनियन भांडी दुरुस्त करणारा माणूस, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की लग्न झालं तेव्हा आम्हा दोघांत मिळून एक ताटली की चमचाही नव्हता, पण बायकोने वडिलांची दोन पुस्तकं आणली होती. एक लुइस बेलीचं, भक्तीचा रोजचा नेम कसा पाळायचा याचं, आणि दुसरं आर्थर डेंटचं १६०१ चं, साध्या माणसाला स्वर्गाची वाट दाखवणारं. हे दुसरं मला फार आवडतं कारण त्यात प्रवचन नाहीच, चार माणसं झाडाखाली बसून बोलतात, एक धर्मशास्त्री, एक सज्जन, एक अडाणी आणि एक प्रत्येक गोष्टीत खुसपट काढणारा, आणि तो अडाणी जे प्रश्न विचारतो ते वाचणाऱ्याच्याही मनात असणारच. ही दोन पुस्तकं बनियन नवराबायको कधीकधी सोबत बसून वाचायचे.