माउथ ऑर्गनच्या अँप्लिफायरमध्ये वेगळे व्हॉल्व्ह टाकले तर आवाजात जाणवण्याइतका फरक पडतो का?

पडतो. (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या, सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या.) पण तुम्ही पुढे जे विचारलंय, की महागातला जुना इंग्रजी व्हॉल्व्ह घेतला तर अमेरिकन ब्लूज माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरसारखा जाडा आवाज येईल का, त्याला माझं उत्तर 'नाही'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकणारे ते मुद्दाम एकत्र करतात.

माइकचा सिग्नल अँपमध्ये आधी शिरतो त्या पहिल्या जागेवर वेगळ्या जातीचा व्हॉल्व्ह घातला तर कुणालाही कळेल. ईसीसी८३ चा (१२एएक्स७ तो हाच) गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १००, ईसीसी८१ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास, ईसीसी८२ चा जेमतेम २०. पिना सगळ्यांच्या सारख्या, एक काढायचा आणि दुसरा बसवायचा. गिटारवाल्याला गेन हवाच असतो. आपलं माउथ ऑर्गनवाल्यांचं उलटं. माइक ओंजळीत दाबलेला, त्यामुळे सिग्नल आधीच दांडगा. ईसीसी८३ असला की पहिली स्टेज तिथंच फाटते, आवाज मोठा होत नाही, नुसता खरखरतो, आणि श्वास घ्यायला क्षणभर थांबलात की माइक शिट्टी मारतो. गेन उतरवा, व्हॉल्यूम पुढे न्या, मग पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला जोर देणारे शेवटचे मोठे) आणि स्पीकर कामाला लागतात. जाडी तिथून येते. फेंडर कंपनीच्या पन्नाशीच्या दशकातल्या ज्या बासमन अँपवर माउथ ऑर्गनवाले जीव टाकतात, त्यातही पहिल्या जागी १२एवाय७ च असायचा.

आता जात तीच ठेवून नुसती कंपनी बदलायची गोष्ट. यावर माझं आणि माझ्या मेव्हण्याचं लग्नापासून वाजलेलं आहे.

आमच्या मामांचं सोलापूरच्या साखर पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका मोडक्या रेडिओग्रामच्या चासीवर त्यांनी मला अँप बांधून दिला: पुढे ईसीसी८३, मागे ईएल८४ ची जोडी, आणि मंडपवाल्याने टाकून दिलेला स्पीकर वेगळ्या खोक्यात. मेव्हणा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, जुन्या हिंदी गाण्यांना माउथ ऑर्गनसाठी मला बोलवायचा. तो एकदा मुंबईहून इंग्रजी बनावटीचा जुना ईसीसी८३ घेऊन आला. "दाजी, हा टाका. आवाजाला जीव येतो की नाही बघा." किती पैसे दिले ते मी इथे लिहीत नाही, माझी बायको वाचते.

मामा म्हणाले, भांडू नका, परीक्षा घेऊ. मधे सोलापुरी चादर टांगली, अँप आणि मामा पलीकडे, स्पीकर आणि आम्ही अलीकडे. मामांच्या डब्यातला बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) बंगळुरी व्हॉल्व्ह, एक नवा रशियन आणि हा साहेब. कुठला कधी लागला ते मामांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, मलासुद्धा माहीत नव्हतं. मी तीच दोन ओळींची धून परत परत वाजवत होतो.

बीईएल आणि रशियन यांत मेव्हण्याला काडीचा फरक सांगता आला नाही. एकाच व्हॉल्व्हला आधी कोरडा म्हणाला, मग गोड. पण इंग्रजी मात्र त्याने दर वेळी बरोबर ओळखला. झालं, उड्या मारायला लागला. मामांनी शांतपणे पेन्सिलीने त्या व्हॉल्व्हच्या काचेवर टिचकी मारली. स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार. आतले भाग ढिले झाले होते, स्पीकरच्या आवाजाने व्हॉल्व्ह स्वतःच थरथरत होता. जीव म्हणतात तो हा. तो अजून म्हणतो, "ओळखला ना पण?" अरे बाबा, व्हॉल्व्ह नाही ओळखलास, बिघाड ओळखलास!

तरी गणपतीच्या कार्यक्रमाला त्याने हट्टाने तोच लावायला लावला. ड्रम सुरू झाला तशा स्टेजच्या फळ्या हलल्या आणि अँप नुसता किंचाळायला लागला. मधल्या सुट्टीत मेव्हणा गिटारच्या तारा लावत असताना मामांनी अँप बंद केला, रुमालाने गरम व्हॉल्व्ह उपसला आणि ईसीसी८२ बसवला. पुढची गाणी अशी भरून वाजली की विचारू नका. जेवताना मेव्हणा सगळ्यांना सांगत होता, जुना माल आहे, तापायला वेळ लागतो ओ! त्याचा माल तेव्हा मामांच्या खिशात होता. मामांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी आज सांगतोय.

तर पैसे कुठे घालायचे? आधी माइक बघा. क्रिस्टलचा असेल तर आत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो, तो ५५ अंशांच्या आसपास कायमचा खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या खोलीतल्या पेटीत किंवा बंद गाडीत काय होत असेल ते तुम्हीच समजा. माझा एक असाच गेला. क्रिस्टलला अँपच्या इनपुटवर १ मेगओहमचा रोध तरी पाहिजे, ५ असेल तर खर्ज खुलतो. मग व्होल्टेज. शेजारचे माग सुरू झाले की आमच्याकडे २३० चे २०० व्हायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणारा हीटर ६.३ व्होल्टवरून साडेपाचवर आणि प्लेटचं मुख्य व्होल्टेज ३०० वरून २६० वर. आवाज मऊ पडायचा. कारखान्याला सुट्टी असली की तोच अँप खणखणीत. हा फरक कुठल्याही कंपनीच्या शिक्क्यापेक्षा मोठा आहे. अमेरिकन अँप आणलात तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर चांगला घ्या, तिथे कंजुषी नको.

हे सगळं पुढच्या छोट्या व्हॉल्व्हबद्दल. पॉवर व्हॉल्व्ह असे उचलून बदलू नका. ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६ चा ०.९, ट्रान्सफॉर्मर झेपणारा नसेल तर जळेल. फिक्स्ड बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारं वेगळं व्होल्टेज) असेल तर बायस परत लावावा लागतो. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, चासी उलटी करून बोटं घालू नका. जुना व्हॉल्व्ह झिजून संपला असेल तर अर्थातच नव्याने फरक पडेल, कुठल्याही कंपनीच्या.

एक ईसीसी८२ किंवा १२एवाय७ घ्या, पहिल्या जागी लावा आणि वाजवा. एवढं करूनही जीवच हवा असेल तर मेव्हण्याचा तो व्हॉल्व्ह अजून आमच्या कपाटात आहे. घेतलेल्या भावाला देतो.