अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये बरं वाटत असतानाही पुन्हा कोलोनोस्कोपी कशाला?

तुम्ही लिहिलंय की भाऊ 26 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा आजार) निघाला तेव्हा दिवसाला 10-12 वेळा रक्ताचे जुलाब होत होते, म्हणून दुर्बिणीची तपासणी ‘अर्धीच’ केली. आधी स्टिरॉइड झाली, आता मेसालामाइन या आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधावर सगळं शांत आहे. रक्त नाही, वजनही वाढलंय. तरी डॉक्टर पूर्ण कोलोनोस्कोपी, म्हणजे सगळ्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, करून घ्या म्हणतात, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं की चांगलं चाललंय तर उगाच कशाला नळ्या घालायच्या.

टाळू नका. मी डॉक्टर नाही, पण 2007 पासून याच आजाराची पेशंट आहे. आजवर अकरा स्कोप, म्हणजे दुर्बिणीच्या तपासण्या, झाल्या. जी एक मी टाळत राहिले तिच्याबद्दल आधी सांगते.

2012 साली माझं अगदी तुमच्या भावासारखं होतं. औषध नियमित, रक्त बंद, बँकेत पूर्णवेळ काम. डॉक्टरांनी स्कोप सांगितली आणि मी ती पुढे ढकलली. आधी मार्च एंडिंग, मग मुलीची शाळा, मग गणपती. असं दीड वर्ष गेलं. दिवसातून तीनदा जावं लागायचं, पण पूर्वीच्या पंधरा वेळांपुढे तीन म्हणजे काहीच नाही, असं म्हणून तेच मी नॉर्मल धरून टाकलं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.6. मग मात्र स्कोप झाली.

त्या दिवशी फक्त खालच्या भागाची, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी केली आणि भूल दिली नव्हती. त्यामुळे मान वळवली की मला स्क्रीन दिसत होता. निरोगी आतड्याचं अस्तर फिकट गुलाबी, ओलसर, चकचकीत असतं आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, वहीत ठेवून जाळी पडलेल्या पिंपळपानासारखं. माझ्या आतड्यात ते जाळं कुठे नव्हतंच. सगळं लालभडक, सुजलेलं, मधे मधे पिवळट-पांढरे ठिपके, आणि नळीचं टोक जिथे नुसतं टेकेल तिथे रक्ताचा थेंब उमटत होता. माझ्या पोटात मात्र काही म्हणजे काही दुखत नव्हतं. समोर दिसतंय ते माझंच आतडं आहे, हे पटायला मला वेळ लागला.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आतड्याच्या अस्तराला खरचटल्याचं, कापल्याचं दुखणं कळतच नाही. बायोप्सीसाठी, म्हणजे तपासायला अस्तराचा बारीक तुकडा काढायला, चिमटा घेतला तरी जाणवत नाही तो म्हणूनच. आतडं ताणलं गेलं की कळ येते, पण वरवरच्या जखमा मुकाट असतात. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ यावरून आत काय चाललंय ते ठरवता येत नाही.

माझ्या रिपोर्टवर ‘मेयो 2’ लिहिलं होतं. ही 0 ते 3 अशी मोजणी आहे. 0 म्हणजे अस्तर शांत. 1 म्हणजे थोडी लाली, जाळं पुसट. 2 म्हणजे लाली जास्त, जाळं गायब, वरवरच्या जखमा, स्पर्शाने रक्त. 3 म्हणजे व्रण आणि आपोआप वाहणारं रक्त. काही डॉक्टर यूसीईआयएस नावाची 0 ते 8 ची मोजणी वापरतात. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं, रक्तस्राव आणि जखमा यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करतात. भावाच्या पहिल्या रिपोर्टवर बहुधा असा आकडा असेल, तो शोधून ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना त्याच्याशी होणार आहे. नुसतं ‘कोलायटिस दिसला’ एवढंच लिहिलं असेल, तर या वेळी आकडा आणि फोटो दोन्ही मागून घ्या.

या आजाराच्या उपचारात जुलाब थांबले म्हणजे काम झालं, असं पूर्वी समजत. आता तसं नाही. 2021 च्या ‘स्ट्राइड-2’ या आंतरराष्ट्रीय शिफारशींत अस्तर भरून येणं हेच दूर पल्ल्याचं उद्दिष्ट धरलंय. ज्यांचं अस्तर भरलेलं असतं त्यांना पुन्हा फ्लेअर (आजार उफाळून येणं) कमी येतात, ॲडमिट व्हायची, आतडं काढायची वेळ कमी येते. माझं औषध तेव्हा बदललं ते त्या स्क्रीनमुळेच. तक्रार तर मी काही केलीच नव्हती.

तुमच्या भावाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती ‘अर्धी’ तपासणी. आजार जोरात असताना नळी मुद्दाम खालपर्यंतच घालतात, कारण सुजलेलं आतडं नाजूक असतं आणि हवा भरून पुढे जाण्यात ते फाटण्याचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पण त्यामुळे आजार नेमका कुठवर आहे हे आजही कुणाला माहीत नाही. तो फक्त गुदाशयात आहे, डाव्या बाजूपर्यंत आहे की त्याच्याही पुढे गेलाय, यावर पुष्कळ काही ठरतं. नुसती गोळी पुरेल की सोबत गुदद्वारातून द्यायचं औषध (एनिमा, सपोझिटरी) लागेल, आणि पुढे कॅन्सरसाठी किती लक्ष ठेवावं लागेल, हे सगळं त्यावरच. पूर्ण तपासणीला आजचा शांत काळ हाच सुरक्षित काळ आहे. जोखीम शून्य नसते, पण ऐन फ्लेअरमध्ये करण्यापेक्षा ती आत्ता खूपच कमी आहे.

याचा अर्थ दर सहा महिन्यांनी नळी घालून घ्यावी असं मी मुळीच म्हणत नाही. शौचाची एक तपासणी असते, फीकल कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज असली की हे प्रथिन वाढतं. त्रास काही नाही आणि आकडा 150 च्या खाली असेल, तर पुष्कळदा नेहमीची स्कोप पुढे ढकलता येते. त्रास नसताना आकडा वाढलेला असेल, तर मात्र आत बघायलाच हवं. एकदा पूर्ण स्कोप झाली की पुढचं लक्ष यावर ठेवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. माझ्या मधल्या तीन स्कोप तरी यामुळे वाचल्या.

आठ वर्षं झाली की मात्र वेगळा हिशोब सुरू होतो. आजार गुदाशयाच्या पुढे असेल, तर पहिल्या लक्षणापासून साधारण 8 वर्षांनी कॅन्सरपूर्व बदल शोधण्यासाठी स्कोप सुरू करतात आणि धोका पाहून दर 1 ते 5 वर्षांनी ती पुन्हा करतात. सोबत पीएससी नावाचा पित्तनलिकांचा आजार असेल, तर निदान झाल्यापासून दरवर्षी. हे बदल कधी कधी इतके सपाट असतात की साध्या प्रकाशात नजरेतून निसटतात, म्हणून निळा रंग फवारून बघतात. 2019 मध्ये माझी तशी स्कोप झाली. नंतर फोटो पाहिले तर कपड्यांना नीळ द्यावी तसं सगळं अस्तर निळसर, रंग बारीक खाचांमधे उतरून बसलेला, आणि एका जागी त्या खाचांची नक्षीच मोडलेली. सुमारे 12 मिलिमीटरचा सपाट चट्टा. त्याच्याखाली सलाइन टोचून तो उचलला आणि तारेच्या फाशात धरून तिथल्या तिथे काढून टाकला. रिपोर्ट आला, लो-ग्रेड डिस्प्लेझिया, म्हणजे सौम्य पायरीचा कॅन्सरपूर्व बदल.

पूर्वी असं काही सापडलं की अनेकदा अख्खं मोठं आतडं काढायचा सल्ला मिळे. 2015 च्या ‘सीनिक’ या तज्ज्ञांच्या सहमतीनंतर, बदल डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल आणि पूर्ण निघाला असेल, तर आतडं ठेवून नजर ठेवणं योग्य मानतात. माझं आतडं आज जागेवर आहे ते त्या निळ्या रंगामुळे. सगळीकडे रंगच वापरतात असं नाही. काही ठिकाणी स्कोपचा प्रकाश बदलून तेच काम करतात.

खाली एकांनी क्रोन्सबद्दल, म्हणजे आतड्याला सूज येण्याच्या याच जातीच्या दुसऱ्या आजाराबद्दल, विचारलंय, म्हणून तेही थोडक्यात. माझ्या आतेभावाला क्रोन्स आहे. आपल्याकडे त्यातली मोठी अडचण म्हणजे आतड्याचा टीबी हुबेहूब तसाच दिसतो, आणि दोघांची आवडती जागाही एकच, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. टीबीचे व्रण बहुधा आडवे असतात, क्रोन्सचे उभे आणि मधे चांगला भाग सोडून. पण इतकं सरळ क्वचितच असतं. बायोप्सीनेही शंका फिटली नाही म्हणून त्याला टीबीची औषधं सुरू केली आणि दोन महिन्यांनी पुन्हा स्कोप केली. टीबी असता तर व्रण भरू लागलेले दिसले असते. ते जसेच्या तसे होते, म्हणून क्रोन्सचे उपचार सुरू झाले. पुढे त्याचं आतडं एका जागी अरुंद झालं, तेव्हा स्कोपमधूनच फुगा घालून ती जागा रुंद केली. अरुंद भाग 5 सेंटिमीटरच्या आत आणि सरळ असेल, आसपास पू किंवा फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे पडलेली वाट) नसेल, तर हे करतात. शंभरात दोन-तीनदा रक्तस्राव किंवा आतडं फाटणं असा मोठा त्रास होऊ शकतो, त्यामुळे सर्जन हाताशी असलेल्या ठिकाणीच करावं. आणि क्रोन्समध्ये कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची असेल, तर आतडं कुठे अरुंद नाही ना, याची खात्री आधी करून घ्या. नाहीतर ती आतच अडकते.

आता तयारी. स्कोप चांगली होणं निम्मं यावरच असतं, आणि घरच्यांची मदत इथेच लागते. तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद: पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ, भाकरी, पालेभाज्या. मऊ भात, ताक, बटाटा, सालं नसलेली मुगाची डाळ चालते. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, वरणाचं वरचं निवळ पाणी, लिंबू सरबत. कोकम सरबत नको. ते लाल पाणी आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद करायला सांगतात, मेसालामाइन मात्र मनाने बंद करू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं असेल तर सांगून टाका, त्यानेही आतड्यात व्रण पडतात. पोट साफ करायला पॉलिएथिलीन ग्लायकोलची पावडरच मागा. फॉस्फेटवाल्या औषधाने आजारासारखेच बारीक व्रण उठू शकतात आणि मग उगाच गोंधळ होतो. सगळं पाणी एका दमात पिऊ नये. निम्मं रात्री, निम्मं पहाटे. थंड करून, वर लिंबू पिळून दिलं की घशाखाली उतरतं. शेवटी शौचाला फिकट पिवळं, निवळ पाणी होतं. तसं नाही झालं तर जाण्याआधी फोन करून सांगा.

भूल दिली असेल तर त्या दिवशी त्याला गाडी चालवू देऊ नका, तुम्ही सोबत जा. शुद्धीवर येताना डॉक्टर जे सांगतात ते पेशंटच्या लक्षात राहत नाही. माझ्या अनेक स्कोपचं माझ्या नवऱ्यालाच जास्त आठवतं. नळी लहान आतड्याच्या तोंडापर्यंत गेली का, आजार कुठवर दिसला, मेयो किती आणि बायोप्सी कुठून कुठून घेतली, एवढं तुम्ही तिथेच लिहून घ्या. बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तो आला आणि काही शब्द अडले, तर याच उत्तराखाली विचारा. मला जेवढं माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.