प्रोस्टेटचा कॅन्सर फुफ्फुसात गेलाय हे नक्की कसं ठरवतात?

तुम्ही विचारलंय, वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि सोलापुरात काढलेल्या छातीच्या एक्स-रेत ठिपके दिसले, म्हणजे पसरलाच का? नुसत्या एक्स-रेवर तसं म्हणता येत नाही. हा आजार बहुतेकदा आधी हाडांत आणि लसिकाग्रंथींत जातो. आमच्या मामांची हयात यंत्रमागावर गेली; त्यांच्या फिल्मवरचे डाग जुन्या टीबीचे निघाले. तोवर घरात रडारड होऊन गेली होती!

पुढे छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन, तपासतात. पीएसए चढता असेल तर संशय वाढतो, पण कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काही आक्रमक प्रकारांत तो फारसा वाढतच नाही. पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणारा स्कॅन, त्यात प्रोस्टेटच्या गाठी उजळतात, मात्र फुफ्फुसाचे काही कॅन्सरही उजळू शकतात. शंका उरलीच तर सीटीत बघत सुईने तुकडा काढतात. तपासणीत त्यावर एनकेएक्स ३.१ (प्रोस्टेटच्या पेशींतलं प्रथिन) दाखवणारा रंग चढला तर मूळ बहुधा प्रोस्टेट, टीटीएफ-१ (फुफ्फुसाच्या पेशींतलं प्रथिन) दाखवणारा चढला तर बहुधा फुफ्फुसाचाच वेगळा कॅन्सर.

वडील विडी ओढत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि कपाटावर धूळ खात पडलेले जुने एक्स-रे शोधून सोबत न्या, तुलनेला फार कामी येतात.