कडक टॅको शेल डाएटमध्ये चालतात का? ग्लूटेन टाळणाऱ्यांनी खावेत का?

शेल, म्हणजे टॅकोचं सारण भरायची मक्याची दुमडलेली, तळलेली कडक पोळी, चालतात. शेलमध्ये आपण जे भरतो त्यातलं बरंचसं चालत नाही. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढे वाचू नका, पुढे आमच्या घरातलं भांडण आहे.

मला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने माझं आतडं बिघडतं. बायोप्सी करून निदान झालेला आजार, 'हल्लीचं फॅड' नव्हे. चार वर्षांपूर्वी दादाकडे टॅकोचा बेत होता. वहिनीने माझ्यासाठी मुद्दाम मैद्याचे मऊ टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) टाळून मक्याचे कडक शेल आणले आणि पाकीट माझ्यासमोर धरून वाचून दाखवलं: मका, पाम तेल, मीठ. मी चार खाल्ले. (पहिल्याच घासाला मधोमध दुभंगणारा आणि अर्धं सारण मांडीवर सांडणारा हा पदार्थ लोक पाहुण्यांसमोर का ठेवतात, देव जाणे.) रात्री दोनला पोट बिघडलं ते तीन दिवस. मी फोन करून म्हटलं, "वहिनी, त्या शेलमध्ये गहू होता." झालं! "अगं, तुझ्या डोळ्यांदेखत वाचलं ना मी?" आणि मागून दादा, "मनाचे खेळ आहेत म्हणावं तिला."

दोन वर्षं मी शेलला हात लावला नाही. मग इरेला पेटून त्याच कंपनीचे शेल घरी आणले आणि नुसते, कोरडे खाल्ले. काही झालं नाही. आठवड्याने पुन्हा खाल्ले, तरी काही नाही. तेव्हा कुठे आठवलं की सारणात वहिनीने तयार टॅको मसाला घातला होता. दुकानात तेच पाकीट उलटून पाहिलं, तर जिरं, मिरची, मीठ यांच्या रांगेत गव्हाचं पीठ मुकाट बसलेलं. सारण दाट व्हावं म्हणून घालतात. काही कंपन्या त्याऐवजी मक्याचा स्टार्च वापरतात, म्हणून दर वेळी वाचावंच लागतं. आता शेल घेतानाही मी पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' शोधते. अमेरिकेत तसं छापायचं तर दहा लाख भागांत ग्लूटेन २० भागांपेक्षा कमी लागतं. मका मुळात निर्दोष असला तरी त्याच कारखान्यात मैद्याचे टॉर्टियाही होत असतील तर पीठ उडतंच. बाहेर खाताना शेल कुठल्या तेलात तळले तेही विचारा. त्याच कढईत गव्हाचं काही तळलं असेल तर संपलं.

आता डाएट. एक शेल साधारण १२-१३ ग्रॅमचा, ६० कॅलरींच्या आसपास. त्यात अडीच-तीन ग्रॅम तेल, म्हणजे वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा. तंतू जेमतेम एक ग्रॅम, प्रथिनं त्याहून कमी. दोन शेल खाल्ल्याने कुणाचं वजन वाढत नाही. आमचा दादा मात्र "मका हलका असतो" म्हणत सहा खातो आणि प्रत्येकावर चीजचा डोंगर. २८ ग्रॅम चेडर म्हणजे सुमारे ११० कॅलरी, जवळजवळ दोन शेल! मग वजनकाट्यावर शिव्या शेलला. आठ इंची मैद्याचा टॉर्टिया १४० कॅलरींच्या आसपास जातो आणि त्यात मीठही बरंच जास्त असतं, त्यामानाने शेल बरा. खरंच वजन उतरवायचं असेल तर न तळलेला मक्याचा मऊ टॉर्टिया घ्या. मेक्सिकोत रोजचा टॅको बहुतेक तसाच मऊ असतो. हे आधीच इंग्रजी यू आकारात तळून ठेवलेले शेल अमेरिकेत फोफावले. ते तळायच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कमध्ये हॉटेल चालवणाऱ्या हुवेन्सियो माल्दोनादो यांना १९५० साली मिळालं.

पाकिटावर 'लाईम' दिसलं तर ते लिंबू नव्हे, चुना. दादाने यावरूनही कंपनीने आपल्याला चुना लावल्याचा विनोद केला होता. पण मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची मेक्सिकोची ही जुनी रीत शहाणपणाची आहे. त्याने मक्यात अडकून पडलेलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) मोकळं होतं, कॅल्शियमही वाढतं. मका उचलला पण ही रीत सोडली त्या युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावी होणाऱ्या आजाराने, गाठलं. तेव्हा चुन्याला घाबरू नका.

शाकाहारी, व्हीगन मंडळींना मका-तेल-मिठाचे शेल चालतात. पारंपरिक रिफ्राइड बीन्समध्ये (राजम्यासारख्या कडधान्याचं घोटून परतलेलं सारण) मात्र डुकराची चरबी असते, ते तपासा.

एक राहिलं. मी डॉक्टर नाही. मधुमेह असेल तर हा शेवटी तळलेला स्टार्चच आहे, मोजून खा. पाम तेलात संपृक्त चरबी भरपूर, कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर रोज नको. आणि सिलिॲक असेल तर माझ्यासारखे खाऊन बघायचे प्रयोग करू नका, पाकीट वाचा.

शेलबद्दल वहिनीची माफी मी मागितली. दादाला मसाल्याच्या पाकिटाचा फोटो पाठवला, गव्हाच्या पिठावर लाल गोल करून. त्यावर त्याने नुसता अंगठा पाठवला.

हो, दातांना तारा असतील किंवा नुकतीच दाढ काढली असेल तर कडक शेल नकोच.