परदेशी स्वस्त माल टाळायचाय? आधी वस्तूचे भाग मोजा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सहा महिने स्वस्त परदेशी वस्तू घ्यायची नाही असं ठरवलंत, तिसऱ्याच आठवड्यात फोनचा चार्जर गेला, मग मुलीचे बूट लहान झाले, आणि दोन्ही वेळा मुकाट्याने तोच माल घरी आला. आता घरचे चिडवतात. हे मुळात जमण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारताय.

चार्जरचं जमणार नाही, बुटांचं बऱ्यापैकी जमेल. का, ते सांगताना थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

मी २२ वर्षं एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. नट-बोल्टपासून मोटारींपर्यंत सगळं कुणाकडून घ्यायचं, किती दराने घ्यायचं, हे माझं काम. त्यामुळे लेबल वाचायची सवय आहे आणि लेबलवर विश्वास न ठेवायचीही.

काही वर्षांपूर्वी घरची ड्रिल मशीन बंद पडली. 'आपल्या देशातली' म्हणून हौसेने जास्त पैसे मोजून घेतलेली. वॉरंटी संपली होती, म्हणून वर्तमानपत्र पसरून मीच उघडली. बेअरिंगच्या कडेवर एका देशाचं नाव कोरलेलं, भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक. ट्रिगर स्विचवर दुसऱ्याच देशाचं छापलेलं. चकवर, म्हणजे ड्रिलचं टोक पकडणाऱ्या भागावर, तिसऱ्याचं. कपॅसिटरवर नुसतं एक चिन्ह, कॉर्डवर प्रमाणपत्रांच्या आद्याक्षरांची रांग, आणि कार्बन ब्रशवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांवर, काहीच नाही. बाहेरचं प्लास्टिकचं कवच, स्टिकर आणि जुळणी तेवढी आपली. घिसून संपले होते ते ब्रश. बाकी मशीन ठणठणीत.

कंपनीने मला फसवलं म्हणावं तर तसंही नाही. वस्तू कुठली, हे ठरवायची सर्वमान्य कसोटी म्हणजे शेवटचा मोठा बदल कुठे झाला ती जागा. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५च्या करारात हेच तत्त्व आहे. सुट्या भागांचं यंत्र जिथे होतं, तो यंत्राचा देश. मग प्रत्येक सरकार आपापल्या सोयीने त्यात आकडे भरतं. 'स्विस' म्हणवणाऱ्या घड्याळाचा किमान ६० टक्के उत्पादनखर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा, असा २०१७पासूनचा नियम आहे. म्हणजे उरलेला ४० टक्क्यांपर्यंतचा खर्च बाहेर झाला तरी डायलवरचं नाव तेच. अमेरिकेत मात्र कसलीही पुस्ती न जोडता 'अमेरिकेत बनवलेलं' लिहायचं तर वस्तू 'संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण' तिथलीच हवी. शब्द तेच, माप वेगळं.

गंमत म्हणजे परदेशी मालावर देशाचं नाव लिहायची सक्ती ही मुळात तुमच्यासारख्यांसाठीच झाली होती. १८८७मध्ये ब्रिटनने तसा कायदा केला. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडमधल्या नावाजलेल्या शेफील्डचा खोटा शिक्का मारून त्या विकल्या जायच्या. शिक्का खरा असला की गिऱ्हाईक आपोआप नाक मुरडेल, असा हिशोब. काही वर्षांत 'मेड इन जर्मनी' हीच दर्जाची खूण होऊन बसली.

उलटंही होतं. 'चीनमध्ये जुळणी' असं लिहिलेल्या फोनमध्ये चीनचं किती होतं? २०१०मध्ये दोन संशोधकांनी आयफोन ३जीच्या एकेका भागाचा हिशोब मांडला. उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर, त्यात चीनमधल्या जुळणीचे फक्त साडेसहा. बाकीचा खर्च जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका अशा ठिकाणच्या भागांचा. आज चीनचा वाटा वाढलाय, तरी पाठीवरची ओळ वाचून तुमचा पैसा कुठे गेला हे कळत नाही, ते तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. वस्तू हातात घेऊन तिच्यात वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले किती भाग असतील याचा अंदाज करायचा. लाकडी स्टूल, मातीचं भांडं, विणलेली चटई, साबण, चामडी पट्टा, छापील वही: इथे भाग दोन-चार, ते कुठून आले हे विक्रेत्याला विचारता येतं आणि त्यालाही बहुधा माहीत असतं. इथे तुमचा निश्चय टिकेल. बूट या टोकाजवळचे. तळवा, वरचा भाग, अस्तर, नाडी, चिकटवायचा पदार्थ. सोल बाहेरून आला असेल, पण शिवणारा माणूस सापडू शकतो आणि तो सोल बदलूनही देऊ शकतो. मुलांच्या बुटांना हे परवडत नाही, कारण पाय थांबत नाहीत; तिथे मोठ्या भावंडाचे, नातेवाइकांकडचे वापरलेले बूट हा सगळ्यात सोपा उपाय, आणि त्याला कुठलाच देश लागत नाही.

शर्ट मधल्या गटातला. कापड इथलं मिळेल, शिलाई इथली मिळेल, पण कॉलरमधलं कॅनव्हास, पॉलिस्टरचा दोरा, रंग आणि बटणं? बटणांचंच घ्या. चीनच्या झेजियांग प्रांतात छ्याओथौ नावाचं गाव आहे, ते जगात बटणांसाठीच ओळखलं जातं. साचे करणारा, रंग देणारा, पॉलिश करणारा, पॅकिंगचा खोका बनवणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. नुसती मजुरी कमी म्हणून ते बटण स्वस्त पडत नाही. दुसरीकडे एकटा कारखाना काढणाऱ्याला साचा दुरुस्तीला पाठवून दिवसचे दिवस वाट बघावी लागते. तिथे संध्याकाळपर्यंत परत येतो. आणि अंतराचं म्हणाल तर ते १९५६मध्येच मेलं. त्या वर्षी २६ एप्रिलला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल हमालांकरवी जहाजात भरायला तेव्हा टनामागे ५.८६ डॉलर लागत. कंटेनरने ते काम सुमारे १६ सेंटमध्ये झालं. बटण समुद्रापलीकडून आलं म्हणून शर्टाच्या किमतीत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

चार्जर, फोन, दिवे, इअरफोन, औषधं या दुसऱ्या टोकाच्या वस्तू. इअरफोनमधल्या चिमुकल्या चुंबकाला निओडिमियम लागतं, आणि असल्या दुर्मीळ मृदा धातूंचं शुद्धीकरण जवळजवळ ९० टक्के चीनमध्ये होतं. गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीचा पत्ता असतो, कच्चं औषधी द्रव्य कुठलं ते ग्राहकाला सहसा दिसत नाही. इथे उगाच हट्ट करू नका. दोन रविवार शोधात घालवून शेवटी स्टिकर बदललेली तीच वस्तू जास्त दराने घ्याल.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते. तुमच्या वाक्यात 'स्वस्त' आणि 'परदेशी' जोडीने आलेत, आणि घोळ तिथे आहे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका व्हेंडरने टेबलावर दोन बोल्ट ठेवले. लांबी तीच, आटे तेच, चकाकी तीच. एकाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं, दुसऱ्याचं डोकं कोरं. ८.८ म्हणजे तो किती ताण सोसेल याची ग्वाही. "साहेब, दोन्ही एकाच कारखान्यातले. कुठला देऊ?" तो शांतपणे म्हणाला. कोऱ्या बोल्टचा दर निम्म्याच्या आसपास होता. माझ्या साहेबांनी ८.८ घ्यायला लावला. पण शेजारच्या कारखान्याने कोरा घेतला असेल, तर त्यांच्या यंत्रावरही नाव त्यांच्याच देशाचं लागलं असणार. दर्जा ठरतो तो घेणारा काय मागतो, किती मोजतो आणि आलेला माल तपासतो की नाही यावरून. चीनच्या एकाच शहरातून दहा वर्षं चालणारा पंखा निघतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात घरघरणारा पंखाही. तुम्हाला नकोय तो दुसरा. तो तुमच्या देशात बनला असता तरी नको होता.

'परदेशी' टाळणं ग्राहकाच्या हातात फार थोडं आहे, 'टाकाऊ' टाळणं मात्र बरंच आहे. विकत घेण्याआधी मी एवढंच बघतो: स्क्रू आहेत की सगळं चिकटवलेलं आहे, आणि सुटा भाग वेगळा विकत मिळतो का. फ्रान्समध्ये २०२१पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्त करायला त्या किती सोप्या आहेत याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. मला तो आकडा देशाच्या नावापेक्षा कितीतरी कामाचा वाटतो.

एक आक्षेप येईलच: सगळ्यांनी मिळून टाळलं तर कारखाने परत येतील. मला शंका आहे. २०१८मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर जकात बसवली. मशीन सरासरी ८६ डॉलरने महागलं, आणि ज्या ड्रायरवर जकातच नव्हती तोही ९२ डॉलरने, कारण दोन्ही जोडीने विकले जातात. इतकं होऊन नोकऱ्या वाढल्या सुमारे १,८०० आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला ८ लाख डॉलरहून जास्त भुर्दंड बसला, असा अर्थशास्त्रज्ञांचा हिशोब आहे. सरकारी हुकमाने एवढंच घडलं, तर तुमच्या-माझ्या पिशवीने किती घडेल? मजुरांची काळजी हे कारण असेल तर ते मला जास्त पटतं, पण तिथेही नुसतं टाळून भागत नाही. २४ एप्रिल २०१३ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर तिथल्या कारखान्यांच्या तपासण्या सुरू झाल्या, इमारतींची डागडुजी झाली, ती मोठ्या ब्रँडनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील करार केल्यामुळे. कपडे तिथूनच येत राहिले. ज्या ब्रँडचं नाव अशा करारात आहे त्याचा शर्ट घेणं हे मला देश बघून घेण्यापेक्षा बरं वाटतं.

आणि घरच्यांच्या चिडवण्याचं: ज्याला महिन्याच्या शेवटी पैसे मोजून वस्तू घ्यावी लागते त्याने तर हा विचारच मनावर घेऊ नये. तुम्हाला परवडत असेल तर सहा महिन्यांचा नेम तसाच ठेवा, फक्त त्यातून प्लग लागणाऱ्या सगळ्या वस्तू आणि औषधं आजच वगळा. चार्जर ओळखीच्या कंपनीचा, सुरक्षेचं प्रमाणचिन्ह असलेला घ्या, बिनानावाचा घेऊ नका. तिथे प्रश्न आगीचा आहे, देशाचा नाही. राहिलेल्या यादीत कपडे, पादत्राणं, फर्निचर, भांडी, खेळणी उरतील. त्यातही खेळण्यांत बॅटरी असली की ती गेली.

ड्रिल अजून चालतेय. गेल्याच महिन्यात पुन्हा ब्रश बदलले. नवे दोन एका प्लास्टिकच्या पुडीत आले. पुडीवर फक्त माप होतं.