स्वॅबवर बुरशी उगवली, म्हणून लगेच गोळ्या नकोत

ताई, पाच वर्षांचा कारवानी कुत्रा, तीन आठवडे एकाच नाकपुडीतून शेंबूड, मधूनच रक्त, आणि स्वॅबवर अ‍ॅस्परजिलस उगवली. आता बुरशीच्या गोळ्या सुरू करू का, असं विचारलंत. माझं मत: अजून नाही.

ही बुरशी चिपाडाच्या ढिगात, भिजलेल्या वैरणीत, सगळीकडे असते. धडधाकट कुत्र्याच्या नाकातूनही ती स्वॅबवर येते. तरी संशय सोडू नका; आखूड तोंडाच्या पगपेक्षा तुमच्या कारवानीसारख्या लांब नाकाच्या कुत्र्यांत नाकातल्या बुरशीचा आजार जास्त होतो.

नाकाच्या शेंड्याचा काळा रंग उडालाय का, तिथं फोड आहेत का, तोंडाला हात लावला की कळवळतो का, ते बघा. दोन्ही नाकपुड्यांपुढं कापसाचा तंतू धरा. बुरशी आतली नाजूक हाडं खाते, त्यामुळं वारा बहुतेक मोकळा येतो. गाठ असेल तर त्या बाजूला अडतो. कळंब्याकडं रानात हुंदडतो म्हणताय, मग कुसळही अडकलेलं असू शकतं. पण कुसळाच्या शिंका एकदम सुरू होतात.

आधी गोचीड तापाची तपासणी आणि प्लेटलेट. आपल्याकडं नाकातून रक्त आलं की पहिला संशय त्याचाच, आणि प्लेटलेट कमी असताना नाकातला तुकडा काढणं धोक्याचं.

ते निभावलं की भूल देऊन सीटी स्कॅन, मग दुर्बीण. आत पांढरट-हिरवट थर दिसला तर तिथलाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आणि कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, द्यायचा. रक्तातली अँटिबॉडी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. सीटी टाळू नका: नाक आणि मेंदू यांच्यामधलं जाळीदार हाड फुटलेलं असेल तर नाकात क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध भरणं जिवावर बेतू शकतं. आणि नाकातल्या बुरशीला नुसत्या गोळ्या बऱ्याचदा पुरत नाहीत. सोय कुठं आहे ते शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा, नाहीतर पुण्यात.

घरात उरलेलं स्टेरॉइड मात्र देऊ नका. हा शहाणपणा मी केलाय. आमच्या राजा कुत्र्याच्या शिंका चार दिवस थांबल्या, आठव्या दिवशी अंगणभर रक्त.

प्लेटलेटचा आकडा आला की कळवा.